मागं कुलूप कुणी लावलं?

"मालक गेले आणि घर ओस पडलं," असं मी आईला सांगितलं. गाइडबाई इंग्रजीत एवढंच म्हणाल्या होत्या, की १६ एप्रिल १७७५ला, रविवारी, आयझॅक रॉयल घोडागाडीत बसून बॉस्टनला गेले आणि या घरात परत कधी आले नाहीत. 'ओस पडलं' हे माझं. आईला इंग्रजी कळतं, पण इथल्या लोकांच्या बोलण्याचा वेग पकडेपर्यंत पुढचं वाक्य आलेलं असतं, म्हणून मी तिच्या कानाशी कुजबुजत होते. त्यात मराठीतून सांगताना जिभेला वळण लागलेलं असतं. मालक गेला की वाडा ओस पडतो, असंच आपण ऐकत आलो. आई जिन्याच्या कठड्याकडे बघत होती. ती म्हणाली, "अगं, पण मग मागं कुलूप कुणी लावलं? विचार ना त्यांना."

मला जरा ओशाळल्यासारखं झालं. असले प्रश्न आई नेहमीच विचारते. नायगारा बघून तिनं विचारलं होतं, रात्री हे पाणी बंद करतात का. तरी मी विचारलं. गाइडबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, कुलूप कशाला लागेल? घरात माणसं होती की.

ते वाक्य घशाशी अडकल्यासारखं झालं. ते काही मी लगेच भाषांतर करून सांगितलं नाही.

हे रॉयल हाऊस मेडफर्डला आहे, बॉस्टनपासून पाच-सहा मैलांवर. मी दहा वर्षं त्याच भागातून कामाला जाते, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. पाहुणे आले की आपण त्यांना हार्वर्डच्या फाटकाशी नेतो, चहाच्या जहाजाची प्रतिकृती दाखवतो, लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर फोटो काढतो. मेडफर्डच्या गल्लीत कोण जातं? आजूबाजूला साधी दोनमजली लाकडी घरं, ओट्यावर सायकली, कुणाच्या तरी खिडकीतून कांदा परतल्याचा वास, आणि मधेच हे तीन मजल्यांचं भलं थोरलं पांढरं प्रकरण. कधीकाळी याच्याभोवती ५०० एकर जमीन होती. आता हिरवळीचा एक तुकडा उरलाय. घराच्या एका बाजूची दर्शनी भिंत घडीव दगडांची वाटते, चिऱ्यावर चिरा ठेवल्यासारखी. आईनं मी नको नको म्हणेपर्यंत बोटाच्या पेरानं टकटक केलंच. "लाकूड आहे," ती म्हणाली. खरंच लाकूड होतं. फळ्यांना खाचा पाडून, रंग देऊन दगडाचं सोंग आणलेलं. त्या काळची इथली श्रीमंती अशीच. विलायतेतल्या दगडी हवेल्यांची हौस, पण हाताशी जंगलच जंगल.

आत मात्र हौसेला मोल नाही. जिन्याच्या कठड्याला वेगवेगळ्या पिळांचे दांडे, शेकोटीभोवती निळ्या-पांढऱ्या डच फरश्या, वरच्या खोलीत भिंतीला कोरीव खांब. आईनं प्रत्येक खोलीत आधी छत पाहिलं, मग जमीन, आणि मग विचारलं, "हे सगळं पुसायचं कोण?" तिची स्वतःची घर बघायची ही रीत आहे. पुण्यात कुणाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेली तरी ती आधी मोरी बघते.

पुसणारी माणसं अंगणापलीकडे राहायची. तिथं एक लांबट, ठेंगणी इमारत आहे, अर्धी विटांची. थोरला आयझॅक रॉयल १७३७मध्ये अँटिग्वा बेटावरून इथं आला तेव्हा उसाच्या मळ्यांवरचा पैसा घेऊन आला, आणि २७ माणसंही घेऊन आला. विकत घेतलेली. पुढच्या चाळीसेक वर्षांत या घरात अशी साठहून अधिक माणसं राबली. गुलामी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दक्षिणेतली कापसाची शेतं येतात. उत्तरेकडचे लोक ते बंद करणारे, असं आपलं शाळकरी ज्ञान. उत्तरेत गुलामांच्या राहण्याची अशी स्वतंत्र इमारत आज एवढी एकच उभी आहे. आईला गुलामांचं नवल वाटलं नाही, उसाचं वाटलं. ती सातारकडची. "ऊस म्हणजे पाचटानं हात कापणार," एवढंच म्हणाली आणि स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. तिचे हात काही उसानं कापलेले नाहीत. आमच्या घरात फडावर कुणी गेलं नाही. फडावर जाणारे दुसरे होते. पण ते पुढे.

धाकट्या आयझॅकबद्दल मला आधी थोडी कणवच आली. माणूस वाईट होता असं समकालीन कुणी म्हटलेलं नाही. पाहुणचार करणारा, देणग्या देणारा, गावात मान असलेला. पण १७७४च्या उन्हाळ्यानंतर या भागात मधे उभं राहायला जागाच उरली नाही. एकतर इंग्लंडच्या राजाच्या बाजूनं, नाहीतर विरुद्ध. १ सप्टेंबरला इंग्रज शिपायांनी जवळच्याच टेकडीवरच्या कोठारातली बंदुकीची दारू उचलून नेली, आणि दुसऱ्या दिवशी केंब्रिजमध्ये चार हजार माणसं जमली. तिथल्या ज्या रस्त्यावर राजनिष्ठांच्या हवेल्या होत्या, तिथं लेफ्टनंट गव्हर्नर थॉमस ऑलिव्हर यांच्या घराला गराडा घालून राजीनाम्यावर सही घेतली. त्या जमावात ओळखीचे चेहरे असणार. काल ज्याच्याकडून घोड्याला नाल मारून घेतली तो, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारा. रॉयलच्या बहिणीचं घर त्याच रस्त्यावर होतं. सासरची मंडळीही तिथंच. एकेक करून ती सगळी घरं बॉस्टनला सैन्याच्या आश्रयाला गेली. रॉयल मात्र ना धड इकडे, ना तिकडे. राजाच्या बाजूनं उघड उभं राहायला तो भ्याला, आणि राजाविरुद्ध जायची त्याची छाती नव्हती. पुन्हा अँटिग्वाला निघून जावं असंही त्याच्या मनात होतं. मग तो रविवार आला. तीन दिवसांनी लेक्सिंग्टनला गोळीबार झाला, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध तिथून पेटलं, बॉस्टनभोवती वेढा पडला आणि घरी परतायचा रस्ता बंद झाला. आधी हॅलिफॅक्स, मग इंग्लंड. १७८१मध्ये देवी येऊन तिथंच वारला.

इथं एक फाटा फोडते. मराठी माणसाला ही सालं ऐकून राहवत नाही. १७७३च्या ऑगस्टअखेरीस शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, आणि त्याच डिसेंबरात बॉस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. मार्च १७७५मध्ये राघोबादादांनी सुरतेला त्याच कंपनीच्या मुंबईकरांशी तह केला; त्यानंतर सव्वा-दीड महिन्यात रॉयलची गाडी मेडफर्डहून निघाली. बारभाई इकडे आणि दादासाहेब तिकडे, म्हणून एकेका सरदार घरात तेव्हा काय रात्री गेल्या असतील? आपल्याला बखरीतून कारस्थानं कळतात, ताटावरची भांडणं कळत नाहीत. राघोबादादांना शेवटी निदान कोपरगावचा गोदाकाठ मिळाला. रॉयलला आपल्या गावचा ओढाही परत दिसला नाही. मी हे सगळं आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुलपाचं काय म्हणाल्या त्या?"

मग सांगावं लागलं.

मालक गेल्यावर घरात न्यू हॅम्पशरच्या पलटणीचा कर्नल जॉन स्टार्क राहिला. मग जनरल चार्ल्स ली आला. घुमणाऱ्या बोळांमुळे त्यानं या घराला 'हॉबगॉब्लिन हॉल' असं नाव ठेवलं, म्हणजे भुताटकीचा वाडा. वॉशिंग्टननं त्याला सैन्यापासून इतकं लांब राहू नकोस म्हणून बाहेर काढलं. १७७६च्या मार्चमध्ये इंग्रजी गलबतं बॉस्टन सोडून निघाली ती स्टार्कच्या बायकोनं या छपरावरून पाहिली म्हणे. या गोष्टी रंगवून सांगता येतात, आणि शंभर वर्षं त्याच सांगितल्या गेल्या. इथल्या बायकांच्या एका मंडळानं १९०८मध्ये पदरमोड करून हे घर विकत घेतलं, म्हणून तर ते वाचलं. तेही त्या शूर गोष्टींपायी. अंगणापलीकडची इमारत सोबत आली, तीही मोडली नाही. बऱ्याच वर्षांनी संग्रहालयाच्या नावातच 'स्लेव्ह क्वार्टर्स' घातलं गेलं. तिथल्या मातीत खोदकाम केलं तेव्हा मुलांच्या मातीच्या गोट्या निघाल्या. काचेखाली ठेवल्यात. आई त्यांच्यापाशी बराच वेळ उभी होती.

पण मला त्या घरात सगळ्यात जास्त टोचलं ते एक पत्र. परागंदा झालेल्या रॉयलनं मेडफर्डमधल्या आपल्या मित्राला, डॉक्टर सायमन टफ्ट्सना, लिहिलेलं. हाताशी पैसे नाहीत, तेव्हा अमुक अमुक माणसं विकून टाका. स्टीफन आणि जॉर्ज, प्रत्येकी ६० पौंडांना पडले. ५० आले तर बरं, नाहीतर १५लाही द्या. हॅगर ३५ला घेतली, ३०ला चालेल. मिराही ३५ची, २५ला द्या. बेंजामिन हॉल तिचे १०० डॉलर देतो म्हणाला होता, तर त्याला देऊन टाका, घर चांगलं आहे. बेट्सीला हवं तर तिनं राहावं, हवं तर मोकळं व्हावं. तिची मुलगी नॅन्सी मात्र एखाद्या चांगल्या घरी वर्षाच्या बोलीनं ठेवा. मी हे आईला शब्दशः वाचून दाखवलं. सगळं मंडईतल्या बोलण्यासारखं. दादा, ६०ला पडलंय, शेवटचं सांगतो. आणि त्यात ते 'घर चांगलं आहे'. लेक देताना म्हणतात तसं.

हे हॉल घराणं कुठलं, तर गावातलं बडं, स्वातंत्र्याच्या बाजूचं. लेक्सिंग्टनच्या आदल्या मध्यरात्री, इंग्रज फौज निघाल्याची वर्दी द्यायला पॉल रिव्हिअर घोडा फेकत मेडफर्डमधून गेला तेव्हा त्यानं ज्याला उठवलं तो स्वयंसैनिकांचा कॅप्टन आयझॅक हॉल. म्हणजे बघा, गाव दुभंगलेलं होतं. एक राजाचा, एक राजाच्या विरुद्धचा. एकाची जमीन सरकारजमा व्हायची होती, दुसरा देशभक्त ठरायचा होता. चर्चच्या बाकावर एकमेकांकडे बघत नसतील. तरी मिराच्या किमतीवर दोघांचं बोलणं होऊ शकत होतं. युद्धाच्या दोन्ही अंगांनी जाणारी तेवढी एक पायवाट उघडी राहिलेली. मिराला १९ एप्रिलच्या पहाटे घंटा ऐकू आल्या असतील तेव्हा तिनं कुणाचा जय चिंतला असेल, असं माझ्या मनात आलं आणि मग त्या विचाराचीच लाज वाटली. तिला कोण विचारत होतं?

एकीनं मात्र, कुणी विचारलं नसताना, सांगितलं. बेलिंडा. फेब्रुवारी १७८३मध्ये, सत्तरीच्या आसपास असताना, तिनं मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. तिला लिहिता येत नव्हतं. अर्जाखाली तिची खूण आहे. कुणीतरी लिहून दिला, पण आतली आठवण तिचीच असणार. व्होल्टा नदीकाठी बारा वर्षांची होण्याआधी ती आई-वडिलांसोबत देवराईत हात जोडून उभी होती, तेव्हा चंद्रासारख्या चेहऱ्याची माणसं आली. त्यांची धनुष्यं म्हणजे ढगांतली वीज. आपल्याकडे चंद्रासारखं मुख म्हणजे कौतुक, पाळण्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत. त्या पोरीला चंद्रासारखा चेहरा म्हणजे काय झालं असेल? पन्नास वर्षं एका घरात राबले, त्या अफाट संपत्तीतला काही भाग माझ्या कष्टांनी साठला आणि त्यातला घासभरही मला मिळाला नाही, असं तिचं म्हणणं. अर्जात स्वतःबरोबर आजारी लेकीसाठीही मागितलंय. विधिमंडळानं रॉयलच्या जप्त इस्टेटीच्या उत्पन्नातून वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर केले. मग ते देणं थांबलं. मग पुन्हा अर्ज. पुन्हा. दहा-बारा वर्षं ती म्हातारी खेटे घालत होती. पेन्शनच्या खिडकीशी उभी राहिलेली कुठलीही म्हातारी आठवा.

रॉयलच्या मृत्युपत्रात काही जमीन हार्वर्डला गेली. तिच्यातून १८१५मध्ये कायद्याचं पहिलं अध्यासन निघालं आणि दोन वर्षांनी लॉ स्कूल. त्या शाळेच्या ढालीवर रॉयल घराण्याच्या गव्हाच्या तीन पेंढ्या होत्या, अगदी २०१६पर्यंत. विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यावर काढल्या. आमच्या स्वयंपाकघरात जुना मग आहे, कुणाच्या तरी पदवीदानाला गेलो होतो तेव्हाचा. त्यावर त्या पेंढ्या आहेत. मी त्यात रोज चहा पीत होते आणि मला त्या पेंढ्या म्हणजे विद्येची काहीतरी खूण वाटायची.

परतताना गाडीत आई गप्प होती. मिस्टिक नदीच्या पुलावर गर्दी लागली, तेव्हा एकदम म्हणाली, "आमच्याकडेही कुलूप आम्ही लावलं नव्हतं."

अठ्ठेचाळीसची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आईचा तेव्हा जन्मही व्हायचा होता, पण तीही ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगते. गांधीजींचा खून झाल्याची बातमी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलेला निरोप, अंधारात जुंपलेली बैलगाडी, एक ट्रंक, आजीच्या कडेवर मावशी, मागं सोडलेली दुभती गाय. चार-पाच महिन्यांनी परत गेले तेव्हा वाड्याचा पुढचा सोपा जळालेला, माजघर आणि गोठा शाबूत. मागच्या दाराला कुलूप. आमच्या घरात ही गोष्ट सांगताना जळालेल्या पोथ्या येतात, सागवानी तुळया येतात. आणि एक तांब्याचं घंगाळ येतं. भांडी गड्यानं आपल्या झोपडीत नेऊन ठेवली होती. परत आणून दिली तेव्हा आजीनं मोजली, तर घंगाळ कमी. सत्तर वर्षं त्या घंगाळाची गोष्ट चालली आहे. "तसा प्रामाणिक हो, पण घंगाळ गेलंच." मी लहानपणी ते घंगाळ चित्रातही काढलं होतं.

"कुलूप त्याचं होतं," आई म्हणाली. "स्वतःच्या घरचं काढून लावलेलं. त्याच्या झोपडीला दारच धड नव्हतं, त्याला कशाला हवं होतं कुलूप? आणि ओल्या मातीची घमेली टाकटाकून त्यानं आणि त्याच्या बायकोनं माजघर वाचवलं. गावातल्या पोरांनी त्याला त्यापायी मारलं होतं म्हणे. हे आई मला शेवटच्या दुखण्यात बोलली. आधी कधी नाही."

मी विचारलं, त्याचं नाव काय गं?

आई थांबली. "आम्ही गडीच म्हणायचो."

दोन्ही गोष्टी एका तराजूत घालायच्या नाहीत, हे मला कळतं. तो गडी विकत घेतलेला नव्हता, आणि आमचे लोक त्या रात्री जीव मुठीत धरून पळाले होते. ती भीती खोटी नव्हती. कुणाचं दुःख कमी करून दुसऱ्याचं मोठं करण्यात अर्थ नाही. पण मी त्या घरात 'ओस पडलं' म्हणाले, ते सहज म्हणाले, आणि तो शब्द माझ्या तोंडी कुठल्या वाड्यातून आला ते मला मिस्टिक नदीच्या पुलावर कळलं. गाडी मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होती. आईनं पर्समधून संग्रहालयाचं पत्रक काढून त्याचा पंखा केला होता.

ती ऑगस्टमध्ये परत गेली. पितृपक्षात तिचा फोन आला, पहाटे, तिला वेळेचा हिशोब अजून जमत नाही. गावी जाऊन आली होती. वाडा आता नाहीच, तिथं पतसंस्थेची इमारत आहे. पण देवळाशेजारी एक म्हातारी भेटली, ती त्या गड्याची सून निघाली. बसायला घोंगडी टाकली, चहा दिला. बोलता बोलता आईनं घंगाळाचं विचारलं का, हे मी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "कागद-पेन घे. दोघांचीही नावं मिळाली, आडनावासकट. लिहून घे, मी विसरेन."

मी त्याच मगाखालचं बिल उलटं केलं आणि मागं लिहून घेतली. ती इथं देत नाही. त्यांची नातवंडं गावात आहेत, आणि त्यांना अजून विचारलेलं नाही.